पीटरने रशिया घडवला की उभा चिरला?

उंबरठा

परवा एका मित्राशी वाजलं. विषय रशिया आणि त्याचा झार पीटर द ग्रेट. तो म्हणाला, "पीटर झाला नसता तर रशियन लोक अजून अस्वलांच्या मागे धावत असते. त्यांना माणसात आणलं ते त्याने." शाळेच्या इतिहासापासून हेच ऐकत आलोय. मला ते पटत नाही. का पटत नाही ते या धाग्यावर मांडतो, झोडपायला सगळे मोकळे आहेत.

मॉस्कोतल्या एका संग्रहालयात काचेमागे तांब्याची एक टिकली पाहिली होती. रुपयाच्या नाण्याएवढी. एका बाजूला दोन डोक्यांचा गरुड. दुसऱ्या बाजूला चेहरा आहे असं आधी वाटतं, पण डोळे नाहीत, कपाळ नाही. नुसतं नाक, त्याखाली मिशा, त्याखाली दाढी. आणि वर दोन शब्द: 'पैसे घेतले'. १७०५ ची पावती आहे ती. दाढी ठेवायची तर कर भरायचा, आणि भरल्याची खूण म्हणून ही टिकली जवळ बाळगायची. दरबारी आणि सरकारी माणसाला वर्षाला ६० रुबल, बड्या व्यापाऱ्याला १००. शेतकऱ्याला गावात दाढी माफ, पण शहराच्या वेशीतून आत जाताना आणि बाहेर पडताना दर खेपेला एक कोपेक, म्हणजे रुबलचा शंभरावा भाग.

सुरुवात १६९८ ची. पीटर दीड वर्ष नाव बदलून युरोपात हिंडला, हॉलंडच्या गोदीत सुतारकाम केलं, आणि मॉस्कोला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी भेटीला आलेल्या सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापल्या. एक-दोन वृद्ध मानकरी तेवढे सुटले. आपल्याला वाचताना हसू येतं. त्यांना आलं नसणार. देवाने माणूस आपल्या रूपात घडवला, ते रूप खरवडून काढायचं म्हणजे पाप, अशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसाची समजूत. पीटरच्या नोकरीत जॉन पेरी नावाचा इंग्रज इंजिनिअर होता, त्याने एका म्हाताऱ्या रशियन सुताराची हकीकत लिहून ठेवली आहे. सुतार नुकताच भादरून आलेला. पेरीने चेष्टेत विचारलं, दाढीचं काय केलंस? त्याने छातीशी हात घातला आणि सदऱ्यातून दाढी काढून दाखवली. म्हणाला, घरी जपून ठेवणार, मेल्यावर शवपेटीत सोबत घालायला सांगणार. वर संत निकोलसला हिशेब द्यावा लागेल ना!

आता माझा मुद्दा. वरच्या वर्गाने दाढी काढली, जर्मन कोट घातला, आणि दोन पिढ्यांनी फ्रेंच बोलायला लागला. शेतकरी दाढीत आणि झग्यात तसाच राहिला. धर्म एक, राजा एक, पण रस्त्यात समोरासमोर आले की एकमेकांना परदेशी. आणि या नव्या थाटाचं बिल फाडलं गेलं ते कोणाच्या नावाने? १७०५ पासून साधारण दर २० घरांमागे एक रंगरूट, तोही जन्मभरासाठी. गाव त्याला निरोप देताना मयताला रडावं तसं रडायचं, त्या रडगाण्यांचे संग्रह आहेत. १७२४ पासून डोईपट्टी: तान्ह्या पोरापासून थेरड्यापर्यंत दर पुरुषामागे ७४ कोपेक.

पीटरने देश उभा चिरला. ती चीर पुढे दोनशे वर्षं कोणाला सांधता आली नाही.

समोवार

उंबरठाजी, लिहिलंय झकास आणि निष्कर्ष साफ चुकलाय.

दाढीवर किती रडणार? १७०० साली नार्वाला स्वीडनच्या अठरा वर्षांच्या पोरसवदा राजाने पीटरच्या सैन्याचा फज्जा उडवला. तोफा सगळ्या गेल्या. पुढच्या वर्षी याने चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या आणि नव्या तोफा ओतल्या. नऊ वर्षांनी, १७०९ मध्ये, पोल्ताव्याला त्याच राजाला असा तुडवला की स्वीडन पुन्हा कधी महासत्ता म्हणून उभा राहिला नाही. दाढीला तेल लावत बसला असता तर हे झालं असतं का? शेजारच्या पोलंडचं काय झालं बघा. तिथल्या सरदारांनी आपल्या मिशा आणि आपले हक्क जिवापाड जपले. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसलं गेलं.

दुसरं, भूदासत्व, म्हणजे शेतकरी जमीनदाराच्या मालकीचा. तुमचं लिखाण वाचून वाटेल पीटरने शेतकऱ्याला बेड्या घातल्या. त्या १६४९ च्या कायद्याने पडल्या, त्याच्या बापाच्या कारकिर्दीत. पळालेला शेतकरी कितीही वर्षांनी सापडला तरी मालकाच्या स्वाधीन करायचा, ही अट तेव्हाची. पीटर तेव्हा जन्मायचा होता.

आणि तिसरं, ज्यावर तुम्ही सोयीस्कर गप्प आहात. १७२२ चा हुद्द्यांचा तक्ता. चौदा पायऱ्या. सगळ्यात खालच्या पायरीवर कारकून म्हणून चिकटा, काम करा, वर चढा. आठवी पायरी गाठली की वंशपरंपरागत उमराव. जन्म बघायचा नाही. अस्त्रखानच्या एका शिंप्याचा मुलगा, बाप भूदासांच्या घरात जन्मलेला, शिकला, शाळा-निरीक्षक झाला, चढत चढत उमराव झाला. त्याच्या मुलाचं नाव व्लादिमिर. पुढे लेनिन म्हणून ओळखतात. पीटरच्या शिडीवरून चढलेल्या घरातलाच पोरगा ती शिडी जाळायला निघाला, हा भाग वेगळा.

मी चार वर्षं पीटर्सबर्गला होतो. जूनमध्ये रात्री अकरा वाजता नेव्हा नदीच्या काठी दिवा न लावता पेपर वाचता येतो. १७०३ मध्ये तिथे दलदल होती. वेड लागल्याशिवाय कोणी तिथे शहर वसवत नाही, आणि ते वेड त्याला होतं म्हणून बरं झालं.

कडवट चहा

> तिथे दलदल होती

आणि ती भरली कोणी, समोवारराव? वर्षाला ४०,००० माणसं पाठवा असे हुकूम सुटायचे प्रांताप्रांताला. तितकी कधी पोचली नाहीत, कारण अर्धी वाटेतून पळायची. पुढे दगड कमी पडला तर १७१४ मध्ये साऱ्या रशियात दगडी बांधकामाला बंदी, आणि शहरात येणाऱ्या प्रत्येक बैल... सॉरी, घोडागाडीने तीन दगड आणायचे, नाहीतर दंड. शहर सुंदर आहे, वाद नाही. फोटो मीही लाईक करतो.

चिंगी

पुरुषमंडळी, दाढी, तोफा आणि दगड आटोपले असतील तर एक विचारू का? या चर्चेत बायका कुठे आहेत?

पीटरच्या आधी मॉस्कोतल्या सरदारांच्या बायका-मुली 'तेरेम'मध्ये राहायच्या. घराचा वरचा वेगळा भाग, परक्या पुरुषाची नजर पडू द्यायची नाही. लग्न बाप ठरवणार, नवऱ्याचं तोंड बोहल्यावर. झारच्या मुलींची तर आणखी कथा. देशातला सरदार म्हणजे आपला नोकर, त्याला मुलगी कशी द्यायची? आणि परदेशी राजपुत्र परधर्मी. म्हणून जन्मभर बिनलग्नाच्या, तेरेममध्ये किंवा मठात.

१७०२ मध्ये पीटरने हुकूम काढला, की साखरपुडा लग्नाच्या निदान सहा आठवडे आधी व्हायला हवा, त्या काळात दोघांनी भेटायचं, आणि नको वाटलं तर मोडायची मुभा. १७१८ मध्ये 'असेंब्ली' सुरू केल्या. संध्याकाळच्या बैठका, तिथे बायकांनी यायचंच. नाचायचं, गप्पा मारायच्या. जबरदस्ती होती हो, मान्य. पण कोंडून ठेवणं ही काय मर्जी होती?

पुढचा हिशेब बोटांवर करा. १७२५ ला पीटर गेला. पहिली कॅथरीन, आन्ना, एलिझाबेथ, दुसरी कॅथरीन. १७९६ पर्यंतच्या ७१ वर्षांत ६५ च्या वर वर्षं गादीवर बाई. १७८३ मध्ये विज्ञान अकादमीच्या प्रमुखपदी येकातेरिना दाश्कोवा. तेव्हा युरोपातल्या दुसऱ्या कुठल्या अकादमीवर बाई बसली होती, सांगा पाहू.

उंबरठाकाकांचा सुतार गोड आहे. पण त्याच्या बायकोला कोणी विचारलं नाही, की तुझं काय म्हणणं.

उंबरठा

चिंगीताई, हा मुद्दा मी लिहिताना विसरलो, कबूल. असेंब्लीचं काही अंशी पटलं.

पण तुमच्या ६५ वर्षांतलीच एक बाई सांगतो. दार्या साल्तिकोवा, मॉस्कोजवळची जमीनदारीण, विधवा. घरातल्या मोलकरणींना फरशी नीट पुसली नाही, कपड्यांना सुरकुती राहिली, एवढ्यावरून सरपणाच्या ओंडक्याने मारायची. मरेपर्यंत. माणसं तक्रार करायची, अधिकारी लाच खाऊन तक्रारदारालाच तिच्या ताब्यात द्यायचे. शेवटी १७६२ मध्ये ज्यांच्या बायका तिने मारल्या होत्या असे दोन भूदास पळून पीटर्सबर्गला पोचले आणि त्यांचा अर्ज थेट सम्राज्ञीच्या हाती पडला. सहा वर्षं चौकशी चालली, ३८ खून शाबीत झाले. शिक्षा काय? तासभर चौकात 'छळ करणारी आणि खुनी' अशी पाटी लावून उभं केलं, मग मठाच्या तळघरात जन्मठेप.

आता मधली गंमत ऐका. चौकशी चालू असताना, १७६७ मध्ये, त्याच सम्राज्ञीने, व्होल्तेर या फ्रेंच विचारवंताशी पत्रव्यवहार करणाऱ्या त्याच दुसऱ्या कॅथरीनने, हुकूम काढला की यापुढे भूदासाने मालकाविरुद्ध अर्ज करायचा नाही. केला तर फटके आणि सायबेरियात कष्टाची जन्मठेप.

तेरेमचं दार उघडलं हे खरं. ते बाईसाहेबांसाठी उघडलं. फरशी पुसणारीसाठी होतं ते दारही लावून घेतलं. मी म्हणतोय ती चीर ही.

चिंगी

हे वाईटच आहे. पण १७६७ च्या हुकुमाचं पाप १७२५ मध्ये मेलेल्या माणसाच्या माथी का? समोवारकाका म्हणाले तसं पुढचं-मागचं सगळं त्याच्याच खात्यावर टाकताय तुम्ही.

जुनी वही

उशिरा येतोय. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की पीटरच्या आधी रशिया एकसंध होता. एक बाजू म्हणते एकसंध मागास, दुसरी म्हणते एकसंध सुखी. दोन्ही नाही.

चीर पीटरच्या जन्माआधी वीस वर्षं पडली. १६५३ पासून रशियन चर्चचा प्रमुख निकोन याने पूजाविधी दुरुस्त करायला घेतले. मूळ ग्रीक पद्धतीशी जुळवायचे म्हणून. क्रूसाची खूण दोन बोटांनी करत होते ती तीन बोटांनी करायची. 'हालेलुया' दोनदा म्हणत ते तीनदा. येशूच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जादा. वरवर पाहिलं तर किरकोळ. पण ज्या माणसाचे बापजादे दोन बोटांनी खूण करत मेले, त्याला तुम्ही सांगताय की ते सगळे चुकीचे मेले. लाखो लोकांनी नवं स्वीकारलं नाही. त्यांना 'जुन्या श्रद्धेचे' म्हणतात. त्यांचा पुढारी अव्वाकुम चौदा वर्षं आर्क्टिकजवळच्या पुस्तोझेर्स्कला जमिनीतल्या खड्ड्यात कैदेत होता, १६८२ मध्ये त्याला जिवंत जाळलं. गावंच्या गावं लाकडी प्रार्थनाघरात कोंडून घेऊन स्वतःला पेटवून घ्यायची. सरदारीण मोरोझोवा बोरोव्स्कच्या तुरुंगात उपाशी मेली. त्रेत्याकोव्ह संग्रहालयात सुरिकोव्हचं भलंमोठं चित्र आहे १८८७ चं: बर्फातून ओढगाडीवर बेड्या घातलेली काळ्या वस्त्रातली बाई, आणि उंचावलेला हात, दोन बोटं वर. ज्याला रशिया समजायचा आहे त्याने त्या चित्रातल्या गर्दीचे चेहरे बघावेत. निम्मे हसतायत, निम्मे रडतायत.

पीटरने काय केलं, तर आधी पडलेल्या भेगेत पाचर ठोकली. जुन्या श्रद्धेच्यांवर दुप्पट कर बसवला, दाढीकर वेगळा. ते त्याला ख्रिस्तविरोधी सैतान म्हणायचे यात नवल नाही. त्याने वर्षगणनाही बदलली. जगाच्या निर्मितीपासून मोजलेलं ७२०८ वं साल सप्टेंबरात सुरू झालं होतं, ते चार महिन्यांत गुंडाळून १ जानेवारी १७००. ते म्हणाले, देवाची वर्षं चोरली!

उंबरठा, म्हणून शीर्षकातला तुमचा 'चिरला' हा शब्द मी 'रुंदावला' असा बदलीन.

रेवदंडेकर

मी इतिहासाचा माणूस नाही. पण आमच्या गावाचा संबंध येतो म्हणून लिहितोय. रेवदंड्याला एका रशियनाचं स्मारक आहे, येणारेजाणारे विचारतात हा कोण. अफनासी निकितीन. व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. वाटेत लुटला गेला, कर्ज झालं, घरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही, म्हणून पुढे पुढे जात कास्पियन, इराण, होर्मुझ करत १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. सोबत विकायला एक घोडा.

तो घोडा घेऊन जुन्नरला गेला, पावसाळाभर तिथे अडकला. चिखलच चिखल असं लिहितो, आणि त्याचा काही दोष नाही, आम्हीही तेच म्हणतो. जुन्नरच्या असद खानाने घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा. नाही झालास तर दंड. चार दिवसांची मुदत. एका खुरासानी ओळखीच्याने मध्ये पडून सोडवला. मग बिदर वगैरे. परतताना घरी पोचायच्या आधी स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला.

सांगायचं एवढंच, की पीटरच्या सव्वादोनशे वर्षं आधी एक साधा दाढीवाला आमच्या बंदरात आला होता. तेव्हा 'रशियाची युरोपकडची खिडकी बंद होती, पीटरने उघडली' हे काही मला झेपत नाही. खिडकी असेल बंद, पूर्वेचं दार सताड होतं.

समोवार

रेवदंडेकर, निकितीन आमचाही आवडता. पण तो तुमच्या विरुद्ध साक्ष देतोय. त्याच्या वहीचं झालं काय? एका अधिकाऱ्याच्या हाती पडली, बखरीत नकलून ठेवली, संपलं. कोणी जहाज बांधलं नाही, कोणी मागून गेलं नाही, मिरी-आल्याचा व्यापार सुरू झाला नाही. साडेतीनशे वर्षांनी करमझिन या इतिहासकाराला मठाच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित सापडलं तेव्हा रशियालाच कळलं की आपला माणूस हिंदुस्थानात जाऊन आला होता. पोर्तुगालने गामाच्या एका सफरीवर साम्राज्य उभं केलं. म्हणजे दार उघडं असून उपयोग नाही, उंबरठ्याबाहेर पाय टाकायची राज्याची इच्छा लागते. (उंबरठाजी, तुमच्या नावावर कोटी नाही ही.)

आणि जुनी वही, तुमच्या निकोन प्रकरणाने माझीच बाजू बळकट केली. दोन बोटं की तीन यावर जिथे गावं जळत होती, तिथे कोणीतरी येऊन सांगायला हवंच होतं, की बाबांनो, बोटं सोडा, भूमिती शिका.

कडवट चहा

'बाबांनो भूमिती शिका' हे सांगायला शिक्षक पाठवतात. याने जल्लाद पाठवला. १६९८ मध्ये बंडखोर स्त्रेल्त्सी शिपायांपैकी हजारावर मारले. मृतदेह महिनोन् महिने मॉस्कोच्या तटावर टांगलेले. स्वतःचा मुलगा अलेक्सेइ १७१८ मध्ये तुरुंगात छळाने मेला.

आणि ते शिक्षक कुठून आणले, तेही सांगा की. चर्चच्या सुधारणा लिहून देणारा फेओफान प्रोकोपोविच कीव्हचा. मॉस्कोत लॅटिन शिकवणारे बरेचसे कीव्हच्या अकादमीतून आलेले. खिडकी म्हणे युरोपची! ती आधी युक्रेनमध्ये उघडी होती. त्याच युक्रेनच्या हेत्मन, म्हणजे कोसॅक प्रमुख, माझेपाने १७०८ मध्ये बाजू बदलली तर पीटरचा सेनापती मेन्शिकोव्हने बातुरिन गाव पोराबाळांसकट कापलं. २०२२ च्या जूनमध्ये पुतिन पीटरच्या नावाने 'भूमी परत मिळवण्या'चं बोलले, तेव्हा कोणता पीटर त्यांना आठवत होता हे सांगायला नको.

तात्या मास्तर

चहाराव, आजच्या लढाईवर दुसरे धागे आहेत, इथे नको. एकदा ते सुरू झालं की पीटर बाजूला राहतो.

मी निवृत्त माणूस. सत्तरच्या दशकात सोव्हिएत पुस्तकांची गाडी आमच्या तालुक्याला यायची, रंगीत चित्रांची जाडजूड पुस्तकं चहाच्या किमतीत. त्यापायी रशियन लिपी शिकलो आणि मग शब्दांचं वेड लागलं. तुमच्या भांडणात शब्दांना साक्षीला बोलावतो.

रशियन माणूस तिजोरीला 'कज़्ना' म्हणतो. आपला खजिनाच. पेटाऱ्याला 'सुंदूक', म्हणजे संदूक. बाजाराला 'बझार'. कलिंगडाला 'अर्बूझ', खरबूज हो! घरात घालायच्या अंगरख्याला 'खलात', म्हणजे खिलत. हे सगळे अरबी-फारसी शब्द तातारांच्या तोंडून गेलेले. १२४० पासून १४८० पर्यंत मंगोल-तातारांचा अंमल, त्याआधी आणि नंतर त्यांच्याशी व्यापार. लिहिताना निकितीनचीही भाषा अशीच मिसळीची होते, आणि शेवटची प्रार्थना तर अरबी-फारसीत जाते.

आता पीटरच्या काळचे आणि नंतरचे शब्द. खलाशी 'मत्रोस', झेंडा 'फ्लाग', गळपट्टा 'गाल्स्तुक', सगळं डच नाहीतर जर्मन. न्हावी म्हणजे 'परिकमाखेर', मूळ जर्मन अर्थ केसांचे टोप करणारा. आणि 'बुतेरब्रोत', जर्मनमध्ये लोणी-पाव, पण रशियात त्यावर लोणी नसलं तरी चालतं. सॉसेज ठेवा, मासा ठेवा, तो बुतेरब्रोतच.

म्हणजे बघा, पैसा-अडका, पेटारा, बाजार, कलिंगड हे पूर्वेकडून आलं आणि ते शेतकऱ्याच्या तोंडी आहे. जहाज, टाय, टोप हे पश्चिमेकडून आलं. पण आज मॉस्कोतला ट्रकवाला बाजारात अर्बूझ घेतो आणि बुतेरब्रोत खातो. त्याला कुठे चीर दिसते? मला वाटतं उंबरठा जरा अति करतायत.

उंबरठा

मास्तर, शब्दांना तीनशे वर्षं मिळाली. माणसांना तेवढी सवड मिळत नाही.

जुनी वही

मास्तरांच्या पोतडीत माझीही एक वस्तू. १९५१ पासून नोव्गोरोद या जुन्या रशियन शहराच्या चिखलातून भूर्जाच्या सालीवर कोरलेली पत्रं निघतायत, हजाराच्या वर निघाली. राजे-महंतांची नव्हेत: कोणी उधारी मागतंय, कोणी बायकोला सांगतंय सदरा पाठव. तेराव्या शतकातला ओन्फीम नावाचा सहा-सात वर्षांचा पोरगा अक्षरं गिरवता गिरवता कंटाळलाय, आणि मग घोड्यावर बसून शत्रूला भाल्याने भोसकणारा वीर काढून शेजारी स्वतःचं नाव लिहितो. हाताची बोटं कधी तीन, कधी पाच. त्या शहरात सभा भरायची, घंटा वाजली की लोक जमायचे, राजाला नोकरीवर ठेवायचे आणि काढूनही टाकायचे.

हे तातारांनी संपवलं नाही, ते तिथवर पोचलेच नाहीत. पीटरने तर नाहीच. १४७८ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इवानने शहर घेतलं आणि ती सभेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली. 'पीटरच्या आधीची मायाळू माती' असं ज्यांना वाटतं त्यांनी ही घंटा ध्यानात ठेवावी.

आणि हा वाद आपण पहिल्यांदा घालत नाही आहोत. १८३६ मध्ये चादायेव्ह या विचारवंताने एका मासिकात लिहिलं, की रशियाने जगाला काही दिलं नाही, आपण ना पूर्वेचे ना पश्चिमेचे. झारने त्याला अधिकृतपणे वेडा ठरवलं आणि रोज डॉक्टर पाठवला. त्यावर पेटलेल्या भांडणात एका बाजूला पश्चिमवादी, दुसऱ्या बाजूला स्लाववादी, म्हणजे उंबरठांची पूर्वज मंडळी. त्यातला कोन्स्तान्तीन अक्साकोव्ह इतका पेटला की पीटरपूर्व रशियन पोशाख घालून, दाढी वाढवून मॉस्कोत फिरायला लागला. लोकांना वाटलं कोणी इराणी चाललाय! हा विनोद हेर्झेन या लेखकाने नोंदवलाय. पुढे १८४९ मध्ये सरकारने फर्मान काढलं, उमरावाने दाढी ठेवायची नाही. बिचाऱ्याला काढावी लागली.

समोवार

हा हा. अस्सल रशियन दिसायला गेला आणि इराणी झाला. उंबरठाजी, घ्या.

उंबरठा

घेतला. हसलोही. पण त्या विनोदाकडे पुन्हा एकदा बघा. एक शिकलेला रशियन उमराव आपल्याच खापरपणजोबाचे कपडे घालतो आणि त्याच्याच शहरात त्याला कोणी रशियन म्हणून ओळखत नाही. माझ्या बाजूने यापेक्षा मोठा साक्षीदार मी आणू शकलो नसतो, तो जुन्या वहीने आणून दिला.

जुनी वही, 'रुंदावला' मान्य. निकोनची भेग आधीची, हेही मान्य. समोवार, तक्ता चांगला होता हे मी नाकारत नाही. मात्र त्याच्यामागे एक करार होता हे विसरू नका. उमरावाने जन्मभर राज्याची चाकरी करायची, आणि शेतकऱ्याने उमरावाची, म्हणजे उमरावाला चाकरी परवडेल. क्रूर, पण दोघांनाही जू. १८ फेब्रुवारी १७६२ ला झार तिसऱ्या पीटरने उमरावांना सक्तीच्या चाकरीतून मोकळं केलं. मग दुसऱ्या दिवशी काय व्हायला हवं होतं? क्ल्युचेव्हस्की हा इतिहासकार म्हणतो, दुसऱ्या दिवशी शेतकरी मोकळा व्हायला हवा होता. आणि झालाही दुसऱ्या दिवशी, १९ फेब्रुवारीला. फक्त ९९ वर्षांनी, १८६१ मध्ये.

समोवार

क्ल्युचेव्हस्कीचा हा टोला मीही मानतो. त्या ९९ वर्षांना बचाव नाही.

पण त्याच ९९ वर्षांतलं एक सांगून मी थांबतो, उद्या सकाळी शिफ्ट आहे. इस्तंबूलहून आणलेला एक आफ्रिकी पोरगा पीटरने स्वतः धर्मपिता होऊन वाढवला, फ्रान्सला शिकायला पाठवला. अब्राम गानिबाल. तो सेनापती झाला. त्याचा पणतू कवी पुश्किन. घरात फ्रेंच, आणि रशियन गोष्टी ऐकल्या त्या भूदास दाई अरीना रोदिओनोव्हनाकडून. तुम्ही म्हणता त्या चिरेच्या दोन काठांवर एकेक पाय ठेवून तो उभा राहिला. काठच नसते तर उभा कुठे राहिला असता?

उंबरठा

पुश्किनला दाई होती. अरीनाला काय होतं?

चिंगी

अरे वा, काका सुधारले! बाई आठवली.

कडवट चहा

जाता जाता दाढीवाल्यांकडून एक. सगळे त्यांना बिचारे-बिचारे करतायत म्हणून. साव्वा मोरोझोव्ह, जुन्या श्रद्धेच्या घरातला भूदास, विणकर. फिती विणून पैसा साठवला आणि १८२० च्या सुमारास मालकाकडून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. मालकालाही पटलं नसेल याच्याकडे इतके पैसे कुठून आले. गिरण्या काढल्या. १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर सुरू झालं, चेखव्हची नाटकं जिथे उभी राहिली ते. त्याला पैसा पुरवला या विणकराच्या नातवाने, त्याचंही नाव साव्वाच. कामेर्गेर्स्की गल्लीतल्या इमारतीच्या दुरुस्तीवर तो बांधकाम चालू असताना स्वतः मुक्कामाला असायचा.

मालकांची शेतीवाडी तोवर निम्मी गहाण पडली होती. पीटरचा कर भरून पुन्हा यांच्याकडे उरला, तो पैसा.

तात्या मास्तर

या साव्वाचा फोटो बघितलाय का कोणी? दाढी आहे का त्याला?

कडवट चहा

आहे मास्तर. आखूड, नीट कातरलेली. परिकमाखेराकडची.